गिऱ्हाईक-फॉल्ट

परवा नातीने तिच्या फोनवर मला एक भांडण दाखवलं. कुणीतरी लिहिलं होतं की अमक्या ब्राउझरमध्ये व्हिडिओ धूसर दिसतो आणि तमक्यात एकदम साफ. त्याखाली माणसांची ही लांब रांग. एक म्हणतो तुझा फोन भिकार आहे, दुसरा म्हणतो तुझं नेट भिकार आहे, तिसरा म्हणतो दोन्ही ब्राउझर सारखेच, फरक तुझ्या डोक्यात आहे. कुणी कुणाला ओळखत नाही, पण आवेश असा की जणू शेताचा बांध कोरला गेलाय. नात हसून बेजार झाली होती. मीही हसत होतो, कारण भांडण माझ्या ओळखीचं होतं. नागपुरात लकडगंजच्या वळणावर माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकानासमोरच्या बाकड्यावर हेच भांडण मी वीसेक वर्षं ऐकलं.

मग एका उत्तरापाशी माझं हसू थांबलं. कुणीतरी चेष्टेने लिहिलं होतं, ‘भाऊ, आधी जाऊन डोळे तपासून घे.’

आमच्या बाकड्यावर हे वाक्य एकदा, एका माणसाला, चेष्टा बाजूला ठेवून सांगायला हवं होतं. ते मीच सांगायचं, कारण सगळा पुरावा माझ्याच हातात होता. मी ते सांगितलं नाही. मी त्या माणसाचा टीव्ही दुरुस्त करत बसलो आणि शेवटी वाद जिंकलो. वामन पेंटरची नजर त्या वादात गेली. मला सांगायचंय ते हेच, पण त्याआधी धंदा थोडा समजावून द्यावा लागेल, नाहीतर माझी चूक कुणाला कळायची नाही.

सुरुवात मी रेडिओवर केली. तेव्हा रेडिओत काचेचे वॉल्व असायचे, ते तापले की आवाज यायचा. पुढे ट्रान्झिस्टर आले आणि बाकड्याचे दोन पक्ष पडले. शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले देशकर मास्तर वॉल्ववाले. ट्रान्झिस्टरचा आवाज कोरडा आहे, त्यात गाणारा माणूस उपाशी वाटतो, असं त्यांचं म्हणणं. लाकडाच्या वखारीचे मालक असलेले सेठ ट्रान्झिस्टरवाले. त्यांचं म्हणणं एवढंच की माझा खिशात मावतो, मास्तर, तुमचा उचलायला दोन हमाल लागतात. हा वाद सात-आठ वर्षं चालला आणि कुणाचंही मत बदललं नाही. मला मध्ये ओढलं की मी म्हणायचो, ‘दोन्ही बिघडतात जी, म्हणून तं माझं दुकान चालते.’

मग टीव्ही आला आणि वादाला नवं तोंड फुटलं. आवाजाबद्दल भांडायला कान लागतो, चित्राबद्दल भांडायला काहीच लागत नाही. मोहल्ल्यात ज्याच्या घरी सेट आला तो दुसऱ्या दिवशी जाणकार झाला. कृष्णधवल सेटवर लावायची तीनरंगी काच निघाली होती. वरती निळी, मध्ये गुलाबी, खाली हिरवी. आकाश असलं की ठीक, पण बातम्या देणाऱ्या माणसाचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी. तीसुद्धा काही लोक भक्तिभावाने पाहायचे आणि म्हणायचे, ‘मले तं साफ दिसून राहिलं.’ आमच्याकडे वादाचा निकाल याच वाक्याने लागायचा. ते एकदा उच्चारलं की पुढे बोलायला जागा नसते, कारण समोरच्याच्या डोळ्यात शिरून कोण पाहणार?

मेकॅनिकला मात्र शिरावं लागतं. गिऱ्हाईक कधी पार्टचं नाव सांगत नाही. तो म्हणतो, मुंग्या येऊन राहिल्या, म्हणजे अँटेना हललाय. तो म्हणतो, एका माणसाचे दोन दिसून राहिले, म्हणजे लहर समोरच्या इमारतीवर आपटून उशिरा येतेय. तो म्हणतो, पिक्चर आखडून राहिलं, म्हणजे चारी बाजूंनी काळी पट्टी येऊन चित्र मध्ये गोळा होतंय. हे आखडणं नागपूरचं खास दुखणं होतं. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्या मोहल्ल्यातले कूलर एकदम सुरू झाले की व्होल्टेज बसायचं आणि त्याबरोबर चित्रही आखडायचं. त्यावर उपाय स्टॅबिलायझर. एप्रिल-मेमध्ये मी दुसरं काही विकतच नव्हतो म्हणा ना.

आमच्या कामात आणखी एक गंमत आहे. चित्र लहान-मोठं करायचे स्क्रू सेटच्या पाठीमागे. तुम्ही मागे बसलात की समोरचं दिसत नाही. म्हणून सेटसमोर स्टुलावर आरसा ठेवायचा आणि मागून हात घालून आरशात पाहायचं. माझ्या हयातीतली निम्मी चित्रं मी उलटी पाहिली. बातम्या देणारी बाई माझ्यासाठी कायम डावखुरी होती.

आणि एक नियम. तो माझ्या उस्तादांनी पहिल्या आठवड्यात शिकवला होता. दोष कुठे आहे ते कळत नसेल तर एकावेळी एकच वस्तू बदलायची. अँटेना बदलला आणि दोष गेला, तर दोष अँटेनात. सेट बदलला आणि दोष तसाच राहिला, तर सेट निर्दोष. दोष ज्याच्यासोबत फिरतो, त्याचा तो दोष. हा नियम मला कधी धोका देत नसे. काही वेळा सगळं बदलूनही सेटमध्ये काही सापडायचं नाही, सगळं ठीक, तरी गिऱ्हाईकाची कुरकुर चालू. प्रत्येक सेटच्या मागे आम्ही दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायचो. तिच्यावर नाव, तक्रार आणि सापडलेला दोष. असल्या सेटच्या चिठ्ठीवर मी लिहायचो, ‘गिऱ्हाईक-फॉल्ट’. सेट बरा, माणूस खुळा. ही माझी खासगी गंमत होती, आणि सेट परत देताना चिठ्ठी काढून घ्यायची हे पथ्य मी पाळायचो.

रंगीत सेट आले तेव्हा सेठने बाहेरून एक मागवला. त्या दिवसापासून बाकड्यावर त्यांनी दुसऱ्या कुणाला बोलू दिलं नाही. मला म्हणायचे, ‘गजाभाऊ, अपने यहाँ का लाल देखो और मेरा लाल देखो. तुमचा लाल विटेसारखा दिसते.’ मास्तरांनी त्यात विज्ञान घातलं. परदेशी चित्राला म्हणे खोली असते. ऐकून ऐकून माझं डोकं उठलं. मी एका रविवारी सकाळी दुकानात एकाच कंपनीचे, एकाच महिन्यात आलेले दोन देशी सेट शेजारी शेजारी मांडले. दोन्ही सेट एकाच व्हीसीआरला जोडून एकच कॅसेट लावली. आणि डाव्या सेटवर सेठच्याच खोक्यावरचं परदेशी स्टिकर चिकटवलं.

निकाल तुम्ही ओळखला असेल. सेठ म्हणाले, ‘हे पाहा, याले म्हणते लाल.’ मास्तरांना डाव्या सेटमध्ये खोली सापडली, आणि किती खोल ते त्यांनी हाताने दाखवलं. दोन-चार जणांनी माना डोलावल्या. एकटा वामन पेंटर स्टूल ओढून काचेपासून हातभर अंतरावर बसला, आधी एका सेटसमोर, मग दुसऱ्या. मग म्हणाला, ‘दोन्ही लाल एकच आहेत गा. एकाच डब्यातला रंग आहे.’

मी स्टिकर काढून दाखवलं तेव्हा जो हशा झाला तो वळणाच्या पलीकडे ऐकू गेला असेल. सेठ आठ दिवस बाकड्यावर आले नाहीत. मी मात्र फुगलो. माणसं डोळ्यांनी पाहतच नाहीत, मनात असतं ते पाहतात, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवू लागलो. त्या परीक्षेत एक माणूस बिनचूक पास झाला होता, हे माझ्या लक्षात राहिलं नाही. मला फक्त नापास झालेले आठवत होते.

वामनराव माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे. मूळचे भिवापूरकडचे. घरी भावाची मिरचीची शेती, यांनी हातात ब्रश घेतला. लकडगंजातल्या निम्म्या दुकानांचे बोर्ड त्यांच्या हातचे होते. अक्षर सुबक होतंच, पण त्यांची खरी ऐट बॉर्डरमध्ये. बोर्डाच्या चारी बाजूंनी दोन बोटं रुंद पट्टी, शिडीवर उभं राहून, दोरी न लावता, एका दमात ओढायची. मी एकदा विचारलं, एवढी मेहनत बॉर्डरवर काहून? तर म्हणाले, ‘अक्षर कोणीबी काढते गा. बॉर्डर नसली तं बोर्ड भिंतीत सांडून जाते.’

स्टिकरच्या गमतीनंतरच्या उन्हाळ्यात ते दुकानात आले. घरी माझ्याकडूनच घेतलेला जुना कृष्णधवल सेट होता.

‘गजाभाऊ, माझं पिक्चर आखडून राहिलं गा.’

‘किती बाजूंनी?’

‘चारही. बातम्या देणारी बाई दिसते, तिच्या बाजूचं काही दिसत नाही.’

‘संध्याकाळी होते का?’

‘संध्याकाळीच तं पाहतो मी टीव्ही. दिवसभर बोर्डावर राहतो.’

एप्रिल महिना, संध्याकाळ, आखडणं. मी पुढे एक शब्द विचारला नाही. स्टॅबिलायझर दिला. आठवड्याने ते परत आले, तसंच आहे म्हणाले. मग मी आरसा घेऊन त्यांच्या घरी गेलो. मागून पाहिलं तर चित्र काठोकाठ होतं. म्हटलं, म्हातारा माणूस आहे, समाधान करून टाकू. स्क्रू फिरवून चित्र इतकं ताणलं की ते काचेच्या बाहेर गेलं. त्यांच्या बायकोने, शांतावहिनींनी, चहा ठेवता ठेवता पाहिलं आणि ओरडल्या, ‘भाऊजी, हे काय करून ठेवलं? बाईचं डोकं उडालं ना!’

वामनराव नेहमीसारखे सेटला चिकटून बसले होते. म्हणाले, ‘आताबी कडा नाही दिसत.’ मग कपबशी ठेवायला उठून दारापर्यंत गेले, तिथून वळून पाहिलं आणि म्हणाले, ‘इथून पुरं दिसते गा. जवळ गेलो का आखडते.’

मी हसलो. ‘वामनराव, जवळून तं वस्तू मोठी दिसते.’

‘हो ना जी. म्हणून तं तुमाले विचारून राहिलो.’

त्यांनी किती नेमकं सांगितलं होतं! सेटमधला कुठलाही बिघाड पाहणारा दाराशी गेला म्हणून बरा होत नाही. हे पहिल्या वर्षाच्या मेकॅनिकलाही कळतं. मी चहा प्यायलो, स्क्रू होते तसे केले आणि घरी आलो.

त्यानंतर मी नियमाप्रमाणे गेलो. त्यांचा सेट दुकानात आणला आणि दुकानातला एक त्यांच्या घरी ठेवला. त्यांचा सेट माझ्या काउंटरवर आठ दिवस चालला, चित्र एका केसानेही हललं नाही. तिकडे माझा चांगला सेट त्यांच्या घरी गेला आणि दुसऱ्याच दिवशी आखडला. मग त्यांना दुकानात त्यांच्याच सेटसमोर बसवलं. तिथेही आखडला. सेट बदलला, घर बदललं, व्होल्टेज बदललं, दोष वामनरावांसोबत फिरत राहिला. दोष ज्याच्यासोबत फिरतो, त्याचा तो दोष. नियमाने मला अचूक उत्तर आणून दिलं होतं. मी ते वाचलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, ‘गिऱ्हाईक-फॉल्ट’.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण बाकड्यावर विषय निघाला होता आणि मला पुन्हा एकदा जिंकायचं होतं.

तेव्हा कार्यक्रम सुरू होण्याआधी टीव्हीवर एक आकृती दाखवायचे. मध्ये मोठं वर्तुळ, आत रेघा, आणि चारी कडांना काळ्या-पांढऱ्या चौकटी. सेट सरळ करायला आम्हाला ती फार उपयोगी. एका संध्याकाळी मी वामनरावांचा सेट काउंटरवर ठेवला, ती आकृती लावली आणि बाकड्याला आत बोलावलं. विचारलं, कडेच्या चौकटी कोणाकोणाला दिसतात?

सेठ म्हणाले, ‘मले तं साफ दिसून राहिल्या.’ मास्तर म्हणाले साफ. आणखी दोघे म्हणाले साफ. मग वामनरावांना स्टुलावर बसवलं. ते आपल्या सवयीने जवळ सरकले, मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, वर केली.

‘मान हलवू नका,’ मी म्हणालो. ‘मधे पाहा. मधे पाहून सांगा, कडा दिसते का?’

त्यांनी मध्ये पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ‘नाही दिसत,’ म्हणाले.

‘पेंटरसाब, चश्मा बदलो,’ सेठ म्हणाले आणि सगळे हसले.

वामनराव चिडले. ‘चष्म्याले काय झालं? अक्षर तं मुंगीएवढं वाचतो मी.’ मास्तरांनी लगेच वर्तमानपत्र पुढे केलं आणि अगदी बारीक टाइपातली एक जाहिरात दाखवली. वामनरावांनी ती घडाघडा वाचून दाखवली, एक शब्द चुकला नाही. मास्तरांनी वर्गात द्यावा तसा निकाल दिला, ‘डोळे उत्तम आहेत. हा मनाचा खेळ आहे.’

आणि मी, ज्याला गप्प बसता येत नव्हतं, तो म्हणालो, ‘सेठले स्टिकर लावलं का चांगलं दिसते. तुमाले बिना स्टिकरचंच वाईट दिसून राहिलं.’

सगळ्यात मोठ्याने सेठ हसले, कारण त्यांचं उसनं फिटलं होतं. वामनराव आमच्या तोंडांकडे एकेक करून पाहत होते. एका तोंडावरून दुसऱ्यावर जाताना त्यांना पूर्ण मान वळवावी लागत होती, हे मला आज दिसतं. तेव्हा दिसलं नाही. मग ते म्हणाले, ‘दिसते, दिसते. आता दिसून राहिलं.’ उठले, आणि दुकानाची पायरी उतरताना त्यांचा पाय चुकला. शटर धरून सावरले. बाकड्याने तेही हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी सायकलरिक्षा घेऊन ते आपला सेट घेऊन गेले.

त्यानंतर वामनरावांनी टीव्हीबद्दल कधीही तक्रार केली नाही. मी समजलो, खूळ गेलं. दिवाळीच्या सुमारास मी दुकानाचा बोर्ड नवा करायला दिला. अक्षरं नेहमीसारखी देखणी, पण डाव्या बाजूची बॉर्डर खालच्या कोपऱ्याच्या वीतभर आधीच संपली होती. मी म्हटलं, ‘काय वामनराव, रंग संपला का घाई होती?’ त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, मान वळवून वळवून तो कोपरा शोधला, आणि शिडी लावून पट्टी पुरी केली. शिडी धरायला शांतावहिनी आल्या होत्या. पूर्वी त्या कधी यायच्या नाहीत. काहून आल्या, हेही मी विचारलं नाही.

पुढे थंडी ओसरताना एक दिवस ते रस्ता ओलांडत होते. डावीकडून सायकल आली. घंटी वाजली असं सगळे म्हणतात, पण त्यांना सायकल दिसलीच नाही. उजवं मनगट मोडलं, ब्रशचा हात. सरकारी दवाखान्यात मी वहिनींसोबत गेलो. प्लास्टर झाल्यावर तिथल्या डॉक्टरने औषधाचा कागद त्यांच्या डावीकडून पुढे केला, आणि वामनराव तो घेईनात. त्यांना तो दिसलाच नव्हता. डॉक्टर तरुण होता पण त्याचं लक्ष होतं. त्याने त्यांना तिथूनच डोळ्यांच्या विभागात पाठवलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई वामनरावांच्या समोर स्टुलावर बसल्या. त्यांचा एक डोळा झाकला. स्वतःचं बोट बाजूला धरलं आणि म्हणाल्या, ‘मान हलवू नका. मधे पाहा, माझ्या नाकाकडे. बोट दिसलं की सांगा.’

माझेच शब्द. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि त्या बोटाकडे पाहत होतो. बोट बाजूने आत येत होतं, येत होतं, वामनराव गप्प. बाईंच्या गालापर्यंत आलं तेव्हा ते म्हणाले, ‘हां, आता.’ दुसऱ्या डोळ्याचंही जवळपास तेच. मग त्यांनी यंत्राने डोळ्यातला दाब मोजला, आत दिवा मारून पाहिलं.

काचबिंदू. मोतीबिंदू मी ऐकला होता, हा शब्द पहिल्यांदा ऐकला. बाईंनी समजावून सांगितलं की डोळ्यात दाब वाढतो आणि नजर कडेकडून मरत येते. मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते. माणूस वाचतो, लिहितो, सुईत दोरा ओवतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घातले तर उरलेली टिकवता येईल.

‘कधीपासून त्रास आहे?’ त्यांनी विचारलं.

वहिनी म्हणाल्या, ‘मागच्या उन्हाळ्यापासून म्हणून राहिले होते जी. टीव्ही आखडून राहिला म्हणून.’

बाईंनी पेन खाली ठेवलं. ‘तेव्हाच आला असतात तर बरीच वाचली असती. कुणाला दाखवलं नाही का?’

‘दाखवलं होतं जी,’ वामनराव म्हणाले.

एवढंच म्हणाले. मी तिथे उभा आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही. माझं नाव घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं, हे खरं सांगतो.

थेंबांनी उरलेली नजर टिकली. शिडी मात्र सुटली. मोठे बोर्ड गेले, बॉर्डर गेली. मनगट जुळल्यावर ते घरी बसून दारावरच्या नावाच्या पाट्या रंगवायचे, जेवढी पाटी मधल्या नजरेत मावते तेवढी. अक्षर शेवटपर्यंत तसंच होतं. बाकड्यावर पुन्हा यायला लागले, वहिनींचा हात धरून. सेठ त्यांना जागा करून द्यायचे आणि वाद घालताना आवाज उतरवायचे. मास्तरांनी त्या संध्याकाळचा विषय पुन्हा काढला नाही. मी ‘गिऱ्हाईक-फॉल्ट’ लिहिणं सोडलं. ज्या गिऱ्हाईकासोबत दोष फिरतो त्याला मी डोळे दाखवायला सांगू लागलो. बहुतेकांच्या डोळ्यांत काही निघालं नाही, आणि काहीजण रागावून दुसऱ्या दुकानात गेले. जाऊ दिले.

एक सांगायचं राहिलं. दवाखान्यातून आल्यावर आठवड्याने मी त्यांच्या घरी गेलो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो, पण बसल्यावर उगाच म्हटलं, सेट पाहून देतो. टीव्हीमागे वाकलो. चिठ्ठी तिथेच होती. मी बांधली होती तशी, माझ्याच दोऱ्याने, माझ्याच अक्षरात. सायकलरिक्षाच्या दिवशी काढायची विसरलो होतो. दहा महिने ती तिथे लोंबत होती.

वामनराव खाटेवर बसले होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला होतो, जिथलं त्यांना आता काहीच दिसत नव्हतं. मी हळूच दोरा तोडला आणि चिठ्ठी खिशात घातली.

‘चिठ्ठी काढली का गा?’ ते म्हणाले. दोऱ्याचा आवाज त्यांनी ऐकला असावा.

‘कोणती चिठ्ठी, वामनराव?’

‘वाचली होती मी. सेट घरी आणला त्याच दिवशी.’ ते समोर पाहत होते, आवाजात राग नव्हता. ‘मधोमध लिहिलं होतं ना तुमी. मधलं तं मले साफ दिसून राहिलं होतं.’